तक्त्यातला भूकंप आणि पायाखालचा भूकंप

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आणि शाळेच्या भिंतीवर एक तक्ता हमखास आढळतो. डावीकडे रिश्टरचा आकडा, उजवीकडे परिणाम : ५ ला भिंतींना तडे, ६ ला पडझड, ७ ला मोठी हानी. पाठांतराला तक्ता सोयीचा आहे. पण त्यात एक महत्त्वाचा रकानाच नाही, तो म्हणजे अंतराचा.

रिश्टरचा आकडा, म्हणजे परिमाण, संपूर्ण भूकंपाला मिळून एकच असतो. एखाद्या गावी जमीन किती हादरली ती तीव्रता, आणि ती गावागणिक बदलते. दिव्याचे वॅट आणि वहीवर पडणारा उजेड यांत जो फरक, तोच येथे आहे. 'रिश्टर मापनावर तीव्रता ६.२' असे छापून येते तेव्हा या दोहोंची गल्लत झालेली असते. तक्ता ती पक्की करतो.

मग परिमाण आणि अंतर यांवरून हादऱ्याचा अंदाज बांधता येतो का? येतो. जॉयनर आणि बूर यांनी १९८१ मध्ये पश्चिम उत्तर अमेरिकेतील नोंदींवरून एक सूत्र बसवले. त्यात ६.२ परिमाण घातले, तर प्रस्तरभंगापासून १० किलोमीटरवर जमिनीचे कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २५ टक्के येते, ५० किलोमीटरवर ५ टक्के आणि १०० किलोमीटरवर २ टक्क्यांहूनही कमी. 'सहा म्हणजे पडझड' हे यांपैकी कोणत्या गावाचे वर्णन समजायचे?

दुसरे ठरावीक वाक्य : 'एक अंक वाढला की हादरा दहापट.' दहापट होतो तो भूकंपमापकाच्या आलेखावरील लाटेचा आयाम, तोही अंतर तेच असताना. वरील सूत्रात ६.२ ऐवजी ७.२ घेतले, तर त्याच अंतरावर त्वरण सुमारे १.८ पटच वाढते. मोठ्या भूकंपात अधिक लांबीचा प्रस्तर भंगतो. त्यामुळे हादरे जास्त वेळ टिकतात आणि अधिक मोठा प्रदेश हलतो.

तथापि सूत्र म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. प्रत्यक्ष नोंदी त्याच्या उत्तराच्या १.८ पट वर किंवा तितक्याच पट खाली सहज जातात. म्हणजे सूत्रातील अनिश्चितता परिमाणाच्या एका पूर्ण अंकाएवढी आहे! शिवाय दख्खनच्या जुन्या, कठीण खडकांतून लाटा कॅलिफोर्नियापेक्षा सावकाश क्षीण होतात, म्हणून ते येथे जसेच्या तसे लावता येत नाही. जमिनीचा प्रकारही मोजावा लागतो. १९८५ मध्ये मेक्सिको शहर भूकंपाच्या उगमापासून सुमारे ३५० किलोमीटर दूर होते, तरी जुन्या सरोवराच्या मऊ गाळावर वसलेल्या भागात मोठमोठ्या इमारती कोसळल्या.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ६.२ चाच होता. पण त्याचा उगम उथळ होता, गावे अगदी जवळ होती, आणि घरे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची, वर माळवदाचा भार असलेली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. तक्ता पाठ केलेला विद्यार्थी मात्र सहाचा भूकंप 'मध्यम' म्हणूनच लक्षात ठेवतो.

तक्ता भिंतीवरून काढायची गरज नाही. त्याला अंतर, जमीन आणि घर असे तीन रकाने विद्यार्थ्यांकडूनच जोडून घ्यावेत. मग 'किती रिश्टर?' या प्रश्नापाठोपाठ 'कुठून किती दूर, आणि कशावर उभे?' हेही ते विचारू लागतील.