गाण्याशी भांडलेलं जॅझ

सत्तरच्या दशकातलं ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटलं की पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस ही नावं पुढे येतात. त्यांच्या मागे राहिलेली एक शाखा जॅझकडे वळली, आणि तिचं मूळ कॅन्टरबरीसारख्या गावात आहे. १९६४मध्ये तिथल्या काही पोरांनी 'वाइल्ड फ्लॉवर्स' नावाचा बँड काढला. त्यातूनच पुढे सॉफ्ट मशीन आणि कॅरव्हान निघाले. नंतरची दहाएक वर्षं या वर्तुळातले वादक एकमेकांच्या बँडांत ये-जा करत राहिले.

जॅझची चव घेणारे बँड त्या काळी पुष्कळ होते. किंग क्रिम्सनने 'लिझर्ड'साठी (१९७०) कीथ टिपेटला पियानोवर बसवलं; कलोसियममध्ये डिक हेकस्टॉल-स्मिथचा सॅक्सोफोन गाजत होता. पण जॅझ आणि गाणं यांचं खरं भांडण ऐकायचं तर सॉफ्ट मशीनचा 'थर्ड' (१९७०) लावावा. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूवर एकच रचना. ह्यू हॉपरच्या 'फेसलिफ्ट'चा बराच भाग क्रॉयडनच्या मैफिलीतला आहे. माइक रॅटलेज आपला लॉरी ऑर्गन फझमधून वाजवायचा, त्यामुळे सूर करवतीसारखे खरखरीत निघतात. बोटं उचलली की वाद्य शिट्ट्या मारू लागायचं, म्हणून तो थांबतच नसे, असं सांगतात. यंत्रातल्या खोडीतून अशी शैली घडलेली!

तिसऱ्या बाजूवर ड्रमर रॉबर्ट वायटचं 'मून इन जून' आहे. बाकीच्यांना शब्दांत रस उरला नव्हता. तेव्हा त्याने पूर्वार्धातली बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवली आणि वर गायलाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बँडला रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या 'प्रॉम्स' या शास्त्रीय संगीतमहोत्सवाचं आमंत्रण आलं. रॉक बँडला तिथे हा मान पहिल्यांदाच मिळत होता. कार्यक्रमाआधी सिगारेट ओढायला बाहेर गेलेल्या वायटला दारवान परत आत घेईना; अशी माणसं इथे वाजवत नाहीत, असा त्याचा समज. हा किस्सा वायटनेच सांगितलेला आहे.

पुढचा 'फोर्थ' (१९७१) पूर्णपणे वाद्यसंगीताचा निघाला आणि वायट त्याच वर्षी बाहेर पडला. ट्रम्पेटवादक इयन कारच्या न्यूक्लिअसमधून, म्हणजे जॅझकडून रॉककडे आलेल्या बँडमधून, कार्ल जेन्किन्स, जॉन मार्शल वगैरे मंडळी एकेक करून सॉफ्ट मशीनमध्ये आली. वादन निर्दोष झालं आणि गंमत गेली. 'बंडल्स'मधली (१९७५) ॲलन होल्ड्सवर्थची गिटार तेवढी अपवाद. १९७६मध्ये रॅटलेजही गेला आणि मूळ बँडमधलं कुणीच उरलं नाही.

गाणं टिकवलं ते दुसऱ्यांनी. कॅरव्हानच्या 'इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक'ची (१९७१) अख्खी दुसरी बाजू एकाच रचनेची आहे, तरी ऐकताना दडपण येत नाही. रस्त्यावरच्या पाटीवरून नाव उचललेला हॅटफिल्ड अँड द नॉर्थ याहून पुढे गेला. 'द रॉटर्स क्लब'मध्ये (१९७५) रिचर्ड सिंक्लेअर सातच्या-अकराच्या आडव्यातिडव्या मात्रांवर इतकं सहज गातो की हिशोब ऐकणाऱ्याला जाणवतच नाही. हा विनोदी साधेपणा ब्रँड एक्स या जॅझ-रॉक बँडच्या १९७६च्या दमदार पदार्पणातही सापडत नाही.

यॉर्कशरच्या जॉन मॅक्लॉफ्लिनची वाट निराळी. तो न्यूयॉर्कला गेला, महाविष्णू ऑर्केस्ट्रा उभारला आणि पुढे 'शक्ती'त मुंबईच्या झाकिर हुसेनबरोबर वाजवलं. भारतीय श्रोत्यांना तो ठाऊक असतो, त्याचे कॅन्टरबरीकर समकालीन मात्र नसतात.

व्हर्जिन कंपनीने 'द रॉटर्स क्लब' काढला, आणि दोनच वर्षांनी सेक्स पिस्टल्सशी करार केला. हॅटफिल्डच्या वादकांनी उभ्या केलेल्या नॅशनल हेल्थचा पहिला अल्बम १९७८मध्ये आला, तोवर बाजार पंकचा झाला होता. नवख्याने सुरुवात 'द रॉटर्स क्लब'पासून करावी, मग 'थर्ड'. सॉफ्ट मशीनचे 'फोर्थ'नंतरचे अल्बम, 'बंडल्स' वगळता, राहिले तरी काही बिघडत नाही.