पाणी, दोन अक्षरी

आजीच्या पेपरातलं शब्दकोडं. आडवा सात: ‘पाणी’, दोन अक्षरं. जल, नीर की तोय? उभा सात ‘नीती’ निघाला, म्हणून मी ‘नीर’ लिहिलं. इंग्रजी कोड्यात एका चौकटीत एक लेटर. मराठीत वेलांटीसकट अख्खं अक्षर. एक चौकट जुळली की अर्धं उत्तर हातात! एवढी आयती मदत मिळते, तर क्लू अवघड द्यायला काय हरकत? पण रोज तीच समानार्थी शब्दांची घोकंपट्टी. मी आजीला घातलं, ‘सरकार हात पसरतं ते, दोन अक्षरी.’ ती थांबली, मग खुदकन हसली: ‘कर!’ हातही कर, टॅक्सही कर. ‘नीर’ला ती हसली नव्हती.