कल्पित राज्यांची भाषा आणि झाडीपट्टीचा वाचक

अद्भुतरम्य कादंबरी आणि भावी काळातील दुःस्वप्नराज्याची कादंबरी ह्या दोन प्रकारांचा विचार बहुधा कथानकाच्या अंगाने होतो. राज्य कसे आहे, त्यात कोण कोणास छळतो आणि अखेरीस कोण उरतो, एवढे सांगितले म्हणजे परीक्षण संपले असे मानण्याची रीत पडली आहे. वस्तुतः ह्या दोन्ही प्रकारांत लेखकास राज्याआधी भाषा घडवावी लागते. जे नाही त्यास नाव दिल्यावाचून ते आहे असे वाचकास वाटत नाही. ह्या बाबतीत भंडारा जिल्ह्यातील वाचकाची स्थिती विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. घरी झाडीबोली, शाळेत प्रमाण मराठी आणि कचेरीत शासनव्यवहाराची मराठी अशा तीन भाषारूपांतून तो रोज ये-जा करतो. अशा वाचकाने ह्या कादंबऱ्या ओळीने वाचल्या म्हणजे त्याच्या मनात जे प्रश्न उठतात, ते केवळ आवडीनिवडीचे राहत नाहीत.

येव्गेनी झाम्यातिन ह्या रशियन लेखकाच्या 'आम्ही' ह्या कादंबरीत (लेखन 1920-21, इंग्रजी भाषांतर 1924) माणसांना नावे नाहीत. पुरुषास एक व्यंजन आणि विषम संख्या, स्त्रीस एक स्वर आणि सम संख्या, अशी तेथील व्यवस्था आहे. नायक डी-503, नायिका आय-330. स्वर स्वयंप्रकाशी आणि व्यंजन परावलंबी ही कल्पना भारतीय व्याकरणपरंपरेत मुरलेली असल्यामुळे, ज्या राज्यात बंडाची प्रेरणा स्वरधारी स्त्रीकडून येते ते राज्य ह्या परंपरेत वाढलेल्या वाचकास एकदम जवळचे वाटावे. परंतु देवनागरीत हा भेद टिकत नाही. 'डी' लिहिताना व्यंजनात स्वर मिसळतो आणि 'आय' लिहिताना स्वरामागून 'य' येतो. लेखकाने अक्षरांत दडवलेली गोष्ट अशा रीतीने लिप्यंतरातच विरून जाते. भाषांतरकाराने येथे वर्णमालेकडे वळून 'ड्' आणि 'इ' अशी चिन्हे योजली, तर निदान हा भेद डोळ्यांस तरी दिसेल.

जॉर्ज ऑर्वेल यांच्या '1984' (प्रकाशन 1949) ह्या कादंबरीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तिच्या परिशिष्टात 'नवभाषे'चे व्याकरण दिले आहे. शब्द कमी केले म्हणजे विचार कमी होतो, हे त्याचे गृहीतक. 'वाईट' हा शब्द काढून टाकून त्याजागी 'चांगले' ह्या शब्दास नकारार्थी उपसर्ग जोडावयाचा. मराठीत ह्यासाठी 'अचांगले' असे रूप करता येईल. अबोल, अजाण, अचूक हे शब्द भाषेत रुळलेले असल्यामुळे ते अगदीच अशक्य वाटत नाही, तथापि कानास खटकते. हे खटकणे भाषांतरास उपकारकच होय.

ह्याच परिशिष्टात संक्षेपांचा विचार आहे. लांब नावाचा आखूड जोडशब्द केला म्हणजे मूळ शब्दांभोवतीच्या आठवणी गळून पडतात आणि उच्चारणारा विचार न करता बोलतो, असे तेथे प्रतिपादिले आहे. ह्यास भंडाऱ्यात एक उत्तम उदाहरण सापडते. ह्या जिल्ह्यातील जुने तलाव प्रामुख्याने कोहळी समाजाने बांधले. पुढे ते मालगुजारांकडे होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपून ते शासनाकडे गेले आणि कागदोपत्री त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' हे नाव पडले. त्याचा संक्षेप 'मामा तलाव'. ऑर्वेल यांच्या नियमाप्रमाणे हा निर्जीव शब्द व्हावयास हवा होता. परंतु मराठी कानाला त्यात आईचा भाऊ ऐकू आला, आणि कचेरीतील आद्याक्षरे एका नात्यात जाऊन बसली. बोलणाऱ्यांनी संक्षेपाला नवा अर्थ दिला. मात्र हा युक्तिवाद फार ताणता येत नाही. तलाव कोणी खोदला, तो कोणाच्या हातून कोणाकडे गेला, हे 'मामा' ह्या शब्दात कोठेच उरलेले नाही. मालगुजारही गेला आणि कोहळीही. जिव्हाळा आला, इतिहास गेला. ह्या अंशापुरते ऑर्वेल बरोबर ठरतात.

दुसरा शब्द ह्याहून विलक्षण आहे. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली आणि बुडीत क्षेत्रातील गावे उठली. त्या लोकांना शासकीय मराठी 'प्रकल्पग्रस्त' म्हणते. '-ग्रस्त' हे उत्तरपद मराठीत कशास जोडले जाते? रोग, पूर, दुष्काळ, भूकंप. म्हणजे ज्याला विकास म्हणावयाचे, त्याची गणना शासनाच्याच भाषेने आपत्तींत करून टाकली आहे. नवभाषा घडविणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातून असा शब्द कधीही सुटला नसता. सत्तेची भाषा नेहमी झाकतेच असे नाही. समासाच्या घडणीतून ती कधीकधी कबुलीही देऊन जाते. दुःस्वप्नराज्याच्या कादंबरीत ह्या शक्यतेला फारसे स्थान नसते.

तरीही ऑर्वेल यांच्या कादंबरीतच तिची एक खूण आहे. नवभाषा पक्षसदस्यांसाठी आहे. उरलेली पंच्याऐंशी टक्के प्रजा आपली जुनी बोली बोलते. यंत्राने रचलेले एक टाकाऊ गाणे धुणे वाळत घालणारी बाई गाते, आणि तिच्या कंठातून ते जवळजवळ सुंदर होऊन बाहेर पडते. 'मामा तलाव' ह्या शब्दाचे जे झाले, तेच येथे त्या गाण्याचे होते. दुर्दैवाने लेखक हा धागा पुढे नेत नाही. त्या पंच्याऐंशी टक्क्यांची बोली त्याला ऐकू येते, पण तीत विचार असेल असे त्याला वाटत नाही. झाडीपट्टीच्या वाचकास कादंबरीतील यातनागृहापेक्षा ही उपेक्षा अधिक बोचली तर नवल नाही.

अद्भुतरम्य कादंबरीकडे वळताच वातावरण पालटते. जे. आर. आर. टॉल्किन हे भाषाशास्त्रज्ञ होते, आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (1954-55) मधील त्यांच्या दोन एल्फभाषा एकाच मूळ भाषेपासून नियमित ध्वनिपरिवर्तनाने निघालेल्या आहेत. असे नाते झाडीपट्टीत शिकवावे लागत नाही. डोळा आणि डोरा, काळा आणि कारा ही जोडी घराच्या उंबरठ्यावर भेटते. तलावाच्या बांधास येथे पार म्हणतात; झाडाभोवतीच्या पाराशी त्याचा घोटाळा होतो, पण ळ-र हा नियम ठाऊक असला म्हणजे प्रमाण मराठीतील 'पाळ' समोर उभी राहते. टॉल्किन यांच्या नकाशावरील नावे खरी वाटतात ती अशा जुळणीमुळे.

ह्या कसोटीवर मराठीची जुनी अद्भुतकथा तोकडी पडते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला' (1861) पासून ही परंपरा सुरू होते. पुढे रिसबुडांची 'मंजुघोषा' आली. कल्पनेचे वैभव तेथे आहे, पण नावे संस्कृत काव्यातून तयार उचललेली, आणि राजा व सेवक ह्यांच्या बोलण्यात देशाचे, जातीचे वा वयाचे अंतर क्वचितच ऐकू येते. ज्या राज्यात एकही बोली नाही त्या राज्यात कोणी राहत असेल असे वाटत नाही. आज मराठीत अद्भुत लिहू पाहणाऱ्याने बोडी, बांधी, तुडुम ह्या शब्दांकडे पाहावे. पाण्याचे एवढे तपशील ज्या बोलीत आहेत, तीत एखादे जलराज्य वसविण्यास नवे शब्द फारसे लागणार नाहीत.

उर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी-कथांच्या पहिल्या पुस्तकात (1968) प्रत्येकास एक व्यवहारातले नाव आणि एक खरे नाव असते. खरे नाव कळले की त्या माणसावर सत्ता चालते, म्हणून ते केवळ विश्वासातल्या व्यक्तीस सांगावयाचे. नवऱ्याचे नाव उच्चारण्याचा संकोच आणि ते उखाण्यात गुंफून घेण्याची युक्ती ज्या समाजात आहे, तेथे ही कल्पना टीपेवाचून कळते. येथे अद्भुत आणि दुःस्वप्न एकमेकांस भेटतात, कारण शब्द हाती आला की वस्तू हाती येते हा विश्वास नवभाषेच्या कोशकारांचाही आहे. ले ग्विन यांचा जादूगार मात्र एकेका गोष्टीचे नाव शिकण्यात वर्षे घालवतो, आणि ऑर्वेल यांचा कोशकार सायम जेवताना अभिमानाने सांगतो की शब्द रोज शेकड्यांनी नष्ट होत आहेत.