नायक हतबल होतो तेव्हा

जतला मार्गशीर्षात यल्लमाची यात्रा भरते. जनावरांच्या बाजारासाठी महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडची माणसं येतात. लुगडं नेसून, डोक्यावर देवीचा जग घेऊन फिरणारा जोगता इथल्या माणसाला नवा नाही. त्यामुळे ‘जोगवा’ चित्रपटातला तायाप्पा इथल्या प्रेक्षकाला विलक्षण वाटला नसणार. तो खरा वाटतो का, एवढाच त्याचा प्रश्न असणार, आणि तोच नटासाठी सगळ्यात अवघड.

तायाप्पा साकारणारे उपेंद्र लिमये त्या प्रश्नाला पुरून उरले. २००८ सालासाठीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. अभिनेत्यासाठी हा पुरस्कार १९६७ सालच्या चित्रपटांपासून दिला जातो. पहिला मान बंगालीच्या उत्तमकुमार यांचा. मराठी चित्रपटातल्या भूमिकेला तो मिळायला चार दशकं लागली. पुढे २०११ साली ‘देऊळ’साठी गिरीश कुलकर्णी आणि २०१२ साली ‘अनुमती’साठी विक्रम गोखले, तेही ‘पानसिंग तोमर’च्या इरफान खान यांच्यासोबत विभागून. त्यानंतर २०२३ सालच्या पुरस्कारांपर्यंत मराठी भूमिकेच्या वाट्याला तो पुन्हा आलेला नाही. परीक्षक, प्रवेशिका, त्या त्या वर्षीची स्पर्धा ही कारणं असतातच. पण दोष सगळा दिल्लीच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

या तीन भूमिका शेजारी ठेवून पाहा. मनाविरुद्ध देवीला सोडलेला तरुण. गाय शोधता शोधता ज्याला दत्त दिसला आणि मग ज्याचा देव गावाने बाजारात बसवला, तो भाबडा केशा. बायको दवाखान्यात बेशुद्ध, उपचार थांबवण्याच्या कागदावर सही मागितली जातेय आणि पैशासाठी दारोदार फिरणारा निवृत्त शिक्षक. तिघांपैकी एकाच्याही हातात परिस्थिती नाही. नायक हतबल झाला तेव्हाच मराठी नट सर्वात मोठा दिसला, असं माझं ठाम मत आहे.

लिमयेंचं काम यात मला अधिक मोलाचं वाटतं. त्यांची अंगकाठी राकट, आवाज भरदार. ही शिदोरी दुसऱ्या नटाने संवादांत उधळली असती. तायाप्पा मात्र अंगावरच्या लुगड्यात अवघडलेला राहतो. चेहऱ्यावर कुंकू, हातात बांगड्या आणि खांद्यात मात्र दाबून धरलेला पुरुषी संताप. बायकी हावभावांची नक्कल करून टाळ्या घेणं सोपं होतं. दिग्दर्शक राजीव पाटील यांनी आणि लिमयेंनी तो मोह पूर्ण टाळला. मुक्ता बर्वेंची सुली समोर येते तेव्हा त्याच्या नजरेतली ओढ आणि शरम वेगळी काढता येत नाही. मुळात ही भूमिका भक्कम लिखाणावर उभी आहे. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा. चारुता सागर मळणगावचे, म्हणजे जतला लागून असलेल्या कवठेमहांकाळ तालुक्यातले. या दुष्काळी पट्ट्यातली माणसं त्यांनी जवळून पाहिली होती, ती काही पटकथेच्या सोयीसाठी गोळा केली नव्हती.

हतबल नायकाचं हे मोल जपानकडे पाहिलं तरी दिसतं. तिथल्या अकादमीचा प्रमुख अभिनेत्याचा पहिला पुरस्कार १९७८ मध्ये केन ताकाकुरा यांना मिळाला. गुंडपटांतला हा दबदब्याचा नायक. पुरस्कार मिळाला तो मात्र योजी यामादांच्या ‘द यलो हँकरचीफ’साठी, तुरुंगातून सुटलेल्या आणि बायको आपल्याला घरात घेईल का या धास्तीत प्रवास करणाऱ्या माणसासाठी. २०२३ मध्ये कोजी याकुशो यांनी ‘परफेक्ट डेज’साठी कान महोत्सवात अभिनेत्याचा पुरस्कार मिळवला. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा हा माणूस क्वचितच बोलतो.

आपल्याकडे ‘अनुमती’नंतरच्या काळात प्रमुख पुरुष भूमिका उलट दिशेने गेली. एकामागून एक चरित्रपट, एकामागून एक शिवकालीन युद्धपट. या चित्रपटांना प्रेक्षक आहे, त्यामागे मेहनतही आहे. पण तिथे नटाची वेशभूषा बोलते, दाढी-मिशा बोलतात, आधीच ठाऊक असलेला पराक्रम बोलतो. घडून गेलेलं थोरपण मिरवायचं असेल, तर नटाला डगमगायला जागा उरत नाही. सुबोध भावेंसारखा ताकदीचा नट अशा भूमिकांत वारंवार अडकावा, याची हळहळ वाटते.

वाट अगदीच बुजलेली नाही. ‘गोदावरी’साठी जितेंद्र जोशींना २०२१ च्या इफ्फीत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला, आणि त्यातला निशिकांत चिडचिडा, आतून खचलेला माणूस आहे. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ मध्ये सनडान्सचा परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यात भूषण मनोज आणि सुराज सुमन ज्या संथपणे एकमेकांजवळ येतात, तो संथपणा व्यावसायिक पडद्यावर आता कुणी चालू देत नाही.

भाषेचीही एक तक्रार आहे. मराठी चित्रपटातला खेडूत कुठलाही असो, बोलतो एकाच ठशाचं गावरान. जतच्या बाजारात दर करताना माणूस मराठीत सुरुवात करून कानडीत व्यवहार पुरा करतो, रागावला की पुन्हा मराठीवर येतो. हा हेल, ही अदलाबदल पडद्यावर जवळपास ऐकूच येत नाही. नटाला दोन महिने इथे राहून कान तयार करायला वेळ द्यावा, असं अंदाजपत्रक कुणी मांडत नाही. घोडे, तलवारी आणि संगणकी किल्ल्यांसाठी मात्र पैसे निघतात. चारुता सागर यांच्या ‘नागीण’ या संग्रहातल्या कथा वाचायला तर काहीच खर्च नाही.