दहापट, पण कशाच्या?

‘दहापट वीज साठवणारी बॅटरी’ ही बातमी गेली कित्येक वर्षे अधूनमधून छापून येते आणि मुले तिचे कात्रण वर्गात घेऊन येतात. तिचे एक मूळ आम्ही पुन्हा वाचून पाहिले : स्टॅनफर्ड विद्यापीठातील कँडेस चॅन, यी त्सुई व सहकाऱ्यांचा सिलिकॉनच्या नॅनोतारांवरील २००८ सालचा शोधनिबंध.

काम अस्सल आहे. लिथियम-आयन घटाच्या ॲनोडमध्ये सहसा ग्रॅफाइट असते. (विद्युत अपघटनात ॲनोड धन, वीज देणाऱ्या घटात मात्र ऋण, मुले इथे हमखास गोंधळतात.) एक ग्रॅम ग्रॅफाइट फार तर ३७२ मिलिअँपिअर-तास प्रभार साठवते, सिलिकॉन त्याच्या जवळपास दहापट. पण लिथियम शिरले की सिलिकॉन फुगून सुमारे चौपट होते आणि त्याचा चुरा होतो. केसाच्या हजारपट बारीक तारांना फुगायला मोकळी जागा मिळते, त्या तुटत नाहीत.

पहिल्या फेरीत साठवलेल्या प्रभारापैकी ७३ टक्केच परत मिळाला, हेही लेखकांनी स्पष्ट नोंदवले आहे. आमचा आक्षेप विद्यापीठाच्या प्रसिद्धीपत्रकावर आहे. ॲनोडचे ‘दहापट’ तिथे अख्ख्या बॅटरीला चिकटले.

हिशेब फळ्यावर करता येतो. १८०० मिलिअँपिअर-तासांसाठी ग्रॅफाइट सुमारे ५ ग्रॅम लागते. कॅथोडचे द्रव्य, ग्रॅमला १८० धरले तर, १० ग्रॅम. एकूण १५. ग्रॅफाइटच्या जागी अर्धा ग्रॅम सिलिकॉन घातले की साडेदहा. फायदा दीडपटीच्याही आत! तांब्याचा पत्रा, द्रावण, डबी यांचे वजन धरले की तो आणखी घटतो.

शिवाय कण बारीक केले की पृष्ठभाग वाढतो. त्यावर द्रावणाशी अभिक्रिया होऊन थर साचतो आणि त्यात लिथियम कायमचे अडकते. दर फेरीला ९९.५ टक्के लिथियम परत आले, तरी शंभर फेऱ्यांनंतर उरते जेमतेम ६० टक्के. पुष्कळ शोधनिबंधांत चाचणी अर्धघटावर केलेली असते. समोर लिथियम धातूचा भरपूर साठा असल्याने ही गळती तिथे झाकली जाते. हे आम्हांला जास्त खटकते.

बाजारात आले आहे ते संमिश्र : ग्रॅफाइटमध्ये थोडे सिलिकॉन वा त्याचे ऑक्साइड, किंवा सच्छिद्र कार्बनमध्ये बसवलेले नॅनोसिलिकॉन. २०२३ पासून सिलिकॉन-कार्बन ॲनोड काही मोबाइल फोनांतही दिसू लागले. पुढचे कात्रण आले की कॅथोड ग्रॅमला २०० धरून वरचाच हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. उत्तर तेव्हाही दीडपटीच्या आतच येते.