लाराची धून : कवितेच्या जागी संगीत

डेव्हिड लीन यांच्या १९६५ सालच्या ‘डॉक्टर झिवागो’ या चित्रपटाचा नायक कवी आहे. पण तीन तासांहून अधिक चालणाऱ्या त्या चित्रपटात त्याची एकही कविता ऐकू येत नाही. बोरिस पास्तरनाक यांच्या मूळ कादंबरीचा अखेरचा भाग म्हणजे यूरी झिवागोच्या पंचवीस कविता. पटकथाकार रॉबर्ट बोल्ट यांनी त्या बाजूला ठेवल्या. पडद्यावर भाषांतरित कविता वाचून दाखवली की ती किती केविलवाणी होते हे आपण जाणतोच. तेव्हा हा निर्णय शहाणपणाचाच म्हणावा लागेल. मात्र त्यामुळे चित्रपटाच्या ऐन मध्यावर एक पोकळी राहिली, आणि ती मॉरिस जार यांच्या संगीताने भरली. ‘लाराची धून’ या नावाने गाजलेल्या त्या सुरावटीकडे केवळ एक गोड चाल म्हणून पाहिले जाते, ते अपुरे आहे. ती येथे कवितेच्या जागी उभी आहे. तिचे सामर्थ्य आणि तिचे उणेपण, दोन्हींचा उगम तेथेच आहे.

धुनेच्या जन्माची हकीकत जार यांनीच मुलाखतींतून सांगितली आहे. त्यांचे पहिले प्रयत्न लीन यांना पसंत पडेनात. शेवटी लीन यांनी सुचवले, की रशिया विसरा, झिवागो विसरा. आपल्या प्रेयसीबरोबर डोंगरात जा आणि तिच्यासाठी म्हणून एक चाल बांधा. त्यातून आला तो तीन मात्रांचा वॉल्ट्झ, युरोपातल्या नृत्यदालनांचा ठेका. या संगीतात रशियन म्हणून जे भासते ते चालीपेक्षा वाद्यातून येते. त्रिकोणी पोटाची, तीन तारांची बलालायका वाजवणारे वादक लॉस एंजेलिसमधील एका रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमधून आणावे लागले. त्यांना स्वरलेखन वाचता येत नव्हते. त्यांनी चाल कानांनी घेतली. गुरुमुखातून विद्या घेण्याची सवय असलेल्या आपल्या समाजाला यात नवल वाटणार नाही.

या वाद्याच्या निवडीत खरी मर्मदृष्टी आहे. व्हायोलिनचा स्वर गज फिरत असेतो टिकतो. छेडलेल्या तारेचा स्वर मात्र उमटताक्षणी विरू लागतो. तो लांबवायचा तर तीच तार पुन:पुन्हा, अतिशय जलद छेडावी लागते. बलालायकेचा तो थरथरता नाद म्हणजे विझू पाहणारा स्वर क्षणोक्षणी नव्याने पेटवणे. यूरी आणि लारा यांचे प्रेम याच प्रकारचे आहे. युद्ध, क्रांती, यादवी, दुष्काळ यांच्या रेट्यात त्यांना एकत्र असे दिवस फार थोडे लाभतात. उरलेला काळ ते प्रेम केवळ आठवणीच्या बळावर जिवंत ठेवायचे असते. भव्य वाद्यवृंद मागे उसळत असताना कानाला धरून ठेवतो तो हा किरटा, चिकाटीचा नाद.

वारिकिनोचा प्रसंग पाहावा. बर्फाने माखलेल्या खिडकीवरची स्फटिकांची नक्षी, मग वसंत, मग पिवळ्या फुलांचे शेत आणि त्या फुलातून उमलणारा लाराचा चेहरा. संवाद नाही. यूरीने स्वत:शीदेखील ज्याची कबुली दिलेली नाही, ते वाद्यवृंद आपल्याला सांगून मोकळा होतो. पुढे रात्री, बाहेर लांडगे ओरडत असताना, यूरी कागदावर लाराचे नाव लिहितो. तो काय लिहितो ते आपल्याला वाचायला मिळत नाही. आपण धून ऐकतो आणि कविता ऐकली असे समजतो. संगीत नाटकावर ज्यांचे कान घडले त्यांना या पद्धतीचे वेगळेपण चटकन जाणवावे. आपल्याकडे पात्र स्वत: पद गाते, भाव त्याच्या मालकीचा असतो, शब्दही त्याचेच. येथे पात्र मुके आहे आणि भाव त्याच्या पाठीमागून येतो. मुक्याच्या वतीने कोणी बोलू लागले की गळा दाटून येतो, तसेच हे.

आता उणेपण. ही धून फार वेळा येते. संकलनाच्या वेळी लीन यांनी जार यांच्या काही अन्य रचना काढून त्यांच्या जागी हीच बसवली. पुनरावृत्तीने ती मनात रुजते हे खरे; पण काही ठिकाणी ती प्रेक्षकाला रडण्याची आज्ञा देते, आणि आज्ञेने आलेल्या अश्रूंची मला थोडी लाज वाटते. याहून गंभीर गोष्ट अशी, की झिवागोच्या कविता केवळ लारासाठी नाहीत. त्यांत हॅम्लेट आहे, गेथसेमनीची बाग आहे, काळाने एकट्या माणसावर टाकलेला भार आहे. धुनेने त्यांतील प्रियकर तेवढा उचलला. कवी मागेच राहिला. पास्तरनाक तरुणपणी संगीतरचनेचे शिक्षण घेत होते आणि ते सोडून काव्याकडे वळले होते, हे आठवले की हा उलटा प्रवास अधिकच विचित्र वाटतो.

तरीही शेवट मला मान्य करावा लागतो. आईची बलालायका यूरीला वारशाने मिळते, ही कल्पना चित्रपटाची, कादंबरीची नव्हे. यूरी ती कधी वाजवत नाही. अखेरीस धरणावरून चालणाऱ्या, यूरी आणि लारा यांची असावी अशा मुलीच्या पाठीवर एक बलालायका दिसते. तिला वाजवायला कोणी शिकवले नव्हते, असे कळते. तेथे धून पुन्हा येते, आणि या वेळी तिच्याविरुद्ध माझी तक्रार नसते. कविता लोपली, वाद्य उरले, हे चित्रपटाने स्वत:विषयीच सांगितल्यासारखे आहे.

१९६६ साली पॉल फ्रान्सिस वेब्स्टर यांनी याच चालीवर इंग्रजी शब्द बसवले आणि गाणे तुफान चालले. ते शब्द सामान्य आहेत. पुढे ही चाल चावीच्या संगीतपेट्यांतही जाऊन बसली. रशियात मात्र क्रम निराळा होता. तेथे कादंबरी १९८८ साली ‘नोवी मीर’ मासिकातून प्रथम छापली गेली आणि चित्रपट १९९४ साली चित्रगृहांत पोहोचला. तेथील बहुतेकांनी झिवागोच्या कविता आधी वाचल्या असतील, लारा चित्रगृहात नंतर ऐकली असेल. आपल्यापैकी बहुतेकांनी अजून पहिले केलेले नाही.