बातमीतला आकडा कुणाचा?

वृत्तपत्रांना लोकशाहीचा चौथा स्तंभ म्हणायचं आणि पुढं जायचं, ही आपली सवय. आज जरा थांबून विचारू, आपल्या पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात हा स्तंभ छप्पर कुणाचं तोलतोय?

२५ जून २०१३ ला चाकणच्या बजाज ऑटोमध्ये संप सुरू झाला. पन्नास दिवस चालला. निलंबित कामगारांना परत घ्या, पगाराचा करार करा, अशाही मागण्या होत्या. गाजली मात्र एकच: प्रत्येकाला कंपनीचे ५०० शेअर १ रुपया दरानं द्या. मागणी चमत्कारिक, म्हणून बातमी झाली. नफ्यात कामगाराचा वाटा किती, हा तिच्यामागचा प्रश्न बाजूलाच राहिला. मोटारसायकली किती कमी निघाल्या, हा आकडा कंपनीकडे तयार असतो. कामगाराचं थकलेलं खोलीभाडं कुणी तयार करून देत नाही, त्यासाठी वार्ताहराला खोलीवर जावं लागतं. ऑगस्टमध्ये संप मिटला. शेअर काही मिळाले नाहीत.

असं कायमच होतं का? १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यातच ‘दीनबंधू’ काढलं. पुढं नारायण मेघाजी लोखंडे ते मुंबईतून चालवू लागले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. तिथं आकडा कामगारांनी स्वतः उभा केला होता.

कुणी म्हणेल, पेपर म्हणजे युनियन नव्हे. मान्य! कामगारांची बाजू घ्या, असं आम्ही म्हणतच नाही. दोन्ही बाजूंचे आकडे मांडा, एवढंच म्हणतो.

कारण इथं मताचा प्रश्न आहे. बीडचा पोरगा चाकणला कंत्राटावर राबतो, त्याचं नाव मात्र गावच्या मतदारयादीत. इथल्या पुढाऱ्याला त्याची गरज नाही. बीडच्या आवृत्तीला तो बाहेर गेलेला, पुण्याच्या आवृत्तीला बाहेरून आलेला. ज्याला मत नाही, त्याला निदान बातमी तरी हवी ना? तीही नसेल, तर तो दिसणार कधी? रस्त्यावर दगड पडले की, तेव्हाच. आणि मग आपणच विचारणार, हे एकाएकी कसं झालं?

तेव्हा उद्या सकाळी पेपर उघडलात की प्रत्येक आकड्याला एवढंच विचारा: बाबा, तुला इथं कुणी पाठवलं?